संत्र्याच्या पेटीतला खालचा थर

सौंसर, १८ डिसेंबर १९८६

मित्रांनो, कॉलेजातली आपली ही फिरती वही तीन महिने माझ्याकडेच पडून राहिली. माफ करा. आज मात्र रागानेच हातात घेतली.

आमच्या बागेत संत्र्यांच्या पेट्या भरणाऱ्या मार्थाबाईला मी गेल्या आठवड्यात काढून टाकलं. काम करता करता ती बायकांना तिच्या येशूबद्दल सांगायची. बायका बाटवते, असं मी चारचौघांत म्हणालो.

आज पाहतो तर आमची जुनी कौसल्याबाई डागी फळं बाजूला टाकत होती. मी म्हटलं, "खालच्या थरात घाल. वरून कोणाला दिसतं?"

"नाही जमत, भाऊ. मार्था म्हने, बंद पेटीतलंही तिचा प्रभू पाहून राहिला."

"म्हणजे तूही बाटली?"

"नाही जी! मंगळवारचा उपास सुरूच हाये. पन माह्या देवालेही डोये असतीनच ना!"

सगळ्या बायका हसल्या. मी ओरडलो, "उद्यापासून तूही येऊ नको!" ती फळं निवडत राहिली.

मार्थाने एकही बाई बाटवली नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं. तिला परत बोलावण्याइतका राग अजून उतरलेला नाही. तिचा उपदेश मला आजही नको आहे. पण तुम्ही खरं सांगा, मी धर्म वाचवत होतो की खालचा थर?

उद्याचं काम: ट्रक येण्याआधी कौसल्याबाईला परत बोलावून, तिला सोबत घेऊन भरलेल्या पेट्या उघडायच्या आणि खालची डागी फळं काढायची.