सतरा नंबरच्या विहिरीचा कठडा

आमच्या विद्यापीठात पीएच.डी.ची तोंडी परीक्षा उघड्या दारानं घ्यायचा नियम आहे. कुणीही यावं, मागे बसावं, आणि शेवटी अध्यक्ष "कुणाला काही विचारायचंय?" म्हणाले की विचारावं. विचारत कुणीच नाही. मंडळी येतात ती नंतरच्या चहा-बिस्किटांसाठी. परीक्षा विभागाचा अधीक्षक म्हणून मी छत्तीस वर्षं त्याच पवित्र हेतूनं गेलो, आणि निवृत्त झाल्यावरही सवय सुटली नाही.

अपवाद एकच, ग्रंथालयाच्या प्रबंध विभागातली ताई. शेवटची रांग, भिंतीकडची खुर्ची, मांडीवर वही. अध्यक्षांचं वाक्य पुरं व्हायच्या आत हिचा हात वर. विषय रसायनाचा असो नाहीतर जुन्या नाण्यांचा, प्रश्न साधेच. "हे तुम्ही स्वतः मोजलंत का?" "तिथं किती वेळा गेला होतात?" पोरं तिला शंकाताई म्हणायची. एका उमेदवारानं तिचं तोंड बंद राहावं म्हणून बिस्किटांचा वेगळा पुडा आणून दिला होता. तिनं पुडा घेतला आणि प्रश्नही विचारला.

सगळे हसायचे, मीही हसायचो. ही बाई बावीस वर्षं कशाची तालीम करतेय, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

आता मागचं सांगतो, आणि त्यात माझाही कान पिळला जाणार आहे.

ताई एकेकाळी इथलीच विद्यार्थिनी. जमिनीखालच्या पाण्यावर संशोधन करत होती. मार्गदर्शक होते ते, ज्यांना पोरं पाठीमागे पाताळसर म्हणायची. सर बोलायला गोड आणि चालायला आळशी. खोलीतल्या पंख्याखालून हललेलं मी त्यांना कधी पाहिलं नाही. ही मात्र सायकल दामटत दर पंधरवड्याला बेचाळीस विहिरी मोजायची. वजन बांधलेली फीत कठड्यावरून खाली सोडायची, पाण्याला टेकली की आकडा वहीत. अशी सहा वर्षं. आई घरी कपाळाला हात लावायची, "लोकांच्या मुली स्थळं बघतात, आमची विहिरी बघते!" त्यातली सतरा नंबरची तर त्यांच्याच परसात होती.

सहाव्या वर्षी सर म्हणाले, "वही ठेव जरा, नजर टाकतो." वही गेली ती गेलीच. आज देतो, उद्या देतो करता करता हिच्या नोंदणीची मुदत संपली, आणि ती वाढवायच्या अर्जावर सरांनी सही केली नाही. नोंदणी रद्द झाल्याचं पत्र गेलं ते माझ्या सहीनं. ती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली तेव्हा मी मान वर न करता म्हणालो, "नियम आहे, बाई."

वर्षभरात सरांचा ग्रंथ निघाला. बेचाळीसच्या बेचाळीस विहिरी त्यात. आभाराच्या पानावर सरांच्या कुत्र्याचंसुद्धा नाव, हिचं मात्र नाही. ही दारोदार हिंडली. सगळीकडे एकच सवाल, "पुरावा?" पुरावा सरांच्या कपाटात कुलूपबंद.

मग तिनं ग्रंथालयात कारकुनाची जागा धरली, प्रबंध विभाग मागून घेतला. कारण प्रत्येक प्रबंध परीक्षेआधी महिनाभर तिच्याच टेबलावर येतो. कधी ना कधी माझे आकडे इथून जातील, असा तिचा हिशेब. मला तिनं केलेली शिक्षा तशी सौम्य. मी वर्तमानपत्र मागितलं की ती कालचं देते. "आजचं नाही?" म्हटलं की म्हणते, "नियम आहे, साहेब."

गेल्या वर्षी पाताळसरांच्या चिरंजीवांचा प्रबंध आला. कागदावर मार्गदर्शक दुसरेच, पण हात कुणाचा ते शिपायालाही ठाऊक. प्रबंधाच्या मध्यभागी सतरा नंबरची विहीर. सरांचा सगळा गाजावाजाच तिच्यावर होता. चौथ्या वर्षाच्या उन्हाळ्यात एका पंधरवड्यात तिचं पाणी दोन फूट खचलं आणि मग कधी सावरलंच नाही. सरांनी त्यावरून जमिनीखाली भेग पडल्याचा सिद्धांत मांडला, आठ परिषदा गाजवल्या. पोरानं बापाच्या त्या भेगेवर तीनशे पानांचा मजला चढवला. इकडे निवृत्त सरांची खोली, पंख्यासकट, तहहयात त्यांच्याकडे राहावी असा ठरावही तयार होता.

परीक्षेच्या दिवशी सर पहिल्या रांगेत, नव्या कोटात. पोरगा छान बोलला. अध्यक्ष हसत म्हणाले, "चला ताई, होऊन जाऊ दे तुमचं." खोलीत हशा.

ताई उठली. "सतरा नंबरच्या विहिरीचा कठडा कोणत्या वर्षी उंच केला?"

"कठडा?" पोरगा गोंधळला.

"हो. विहिरीला असतो तो."

पोरानं बापाकडे पाहिलं. सर गरजले, "हा प्रश्न विषयाला धरून नाही!"

बाहेरगावाहून आलेल्या परीक्षक बाईंनी चष्मा वर सरकवला. "मला तर धरून वाटतो. तुम्ही विहीर पाहिली आहे ना?"

"बाबांनी पाहिली आहे," पोरगा म्हणाला.

"पाहिलीत, सर?"

सर रुमाल शोधू लागले.

"मी सांगते," ताई म्हणाली. आवाज अगदी गोड. "माझी भाची खेळता खेळता आत डोकावली. आमच्या बाबांनी दुसऱ्याच दिवशी गवंडी बोलावून कठडा दोन फूट चढवला. मी मोजायचे कठड्याच्या वरच्या काठापासून. फीत दोन फूट जास्त सुटायला लागली, पाणी होतं तिथंच होतं. यापुढच्या आकड्यांतून दोन फूट वजा करायचे, अशी चिठ्ठी मी लिहून ठेवली होती. शेवटी सगळे आकडे एकदम दुरुस्त करताना ती वहीत लावणार होते, त्याआधीच सरांनी वही नेली." तिनं हातातल्या वहीतून पिवळी पडलेली चिठ्ठी काढली. "सरांनी विचारलं असतं तर दिली असती."

"कुठं आहे ही विहीर?" परीक्षक बाईंनी विचारलं.

"चालत वीस मिनिटं. खाली दगड आहे, वर विटा."

अख्खी परीक्षा उठून तिच्या परसात गेली. आयुष्यात पहिल्यांदा मी चहा सोडला. सर तेवढे आले नाहीत. दारात ताईची नव्वदीची आई बसली होती. एवढा घोळका बघून म्हणाली, "काय गं, तुला बघायला आलेत?"

"नाही गं आई, विहीर बघायला."

"मेलं नशीब!" म्हातारी म्हणाली.

परीक्षक बाईंनी स्वतः फीत लावली. विटांचा थर बरोब्बर दोन फूट.

प्रबंध परत गेला. चौकशी बसली, मूळ वही मागवली गेली. तिच्या नावाचं पहिलं पान फाडलेलं होतं, पण अक्षर लपणार कुठं? ग्रंथालयाच्या प्रत्येक पुस्तकावर बावीस वर्षं तेच अक्षर सगळे बघत आलेत. ठराव बारगळला, खोली गेली, पंखा गेला. पोराची मला कीव आली. म्हटलं, "त्याचा बिचाऱ्याचा काय दोष?"

"माझा काय होता?" ती म्हणाली.

वही मूळ नोंद म्हणून प्रबंध विभागातच जमा झाली. आता सरांना चौकशीला लेखी उत्तर द्यायचं, तर ती वही बघणं भाग. एक दिवस ते खिडकीशी आले. ताईनं मागणीची चिठ्ठी पुढं सरकवली. सरांनी भरून दिली. तिनं वाचली आणि परत केली.

"लेखकाच्या नावाचा रकाना राहिला, सर."

"तुला माहीत आहे की."

"मला माहीत आहे. तुम्ही लिहा."

सरांनी आजूबाजूला बघितलं. मग लिहिलं. तिचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, सगळं. तिनं शिक्का मारला, वही दिली, आणि तासाभरानं काढून घेतली. "वेळ संपली, सर. उद्या नवी चिठ्ठी."

सरांनी एकदा शिपाई पाठवून बघितला. तो आल्या पावली परत. सर अकरा दिवस स्वतः आले, अकरा चिठ्ठ्या लिहिल्या. वर्ष संपलं की जुन्या चिठ्ठ्या फाडायचा नियम आहे. त्या अकरा मात्र तिच्या खणात टाचणी लावून ठेवल्या आहेत, मी पाहिल्यात. त्या अकराही दिवशी मी समोरच्या बाकावर होतो, कालचं वर्तमानपत्र उघडून.