काय करायलास?

परदेशातल्या प्रयोगशाळेत माझी उभी हयात एन्झाइमांच्या मागे गेली. कथा लिहायला लागलो ते मात्र अक्काच्या फोनमुळे. अक्का माझी थोरली बहीण, परभणीजवळच्या पेडगावला दिलेली. दर रविवारी तिचा फोन यायचा आणि सुरुवात ठरलेली, "काय करायलास रे?" एकदा मी तिला माझं काम समजावलं. दुधाचं दही होतं ना, तसं एकाचं दुसरं कशानं होतं ते मी शोधतो, म्हणालो. त्यावर ती म्हणाली, "म्हंजी इमानात बसून तू इरजण लावायला गेलास म्हन की!" आणि स्वतःच पोट धरून हसली.

ते वाक्य मी कथेत घातलं, फक्त तिचं हसणं गाळलं. कथेतली बहीण ते खरंच समजून म्हणते, भोळी, अडाणी. 'अस्सल मराठवाडी बोली' म्हणून लोकांनी कथा डोक्यावर घेतली आणि मी फुशारलो.

यंदा परभणीत माझं कथावाचन ठेवलं होतं. अक्का ठेवणीतलं लुगडं नेसून दुसऱ्या रांगेत बसली. मला नको तिथे चेव येतो. 'करायलास', 'इरजण' मी हेल काढून, मान वेळावून वाचलं. सभागृह खो खो हसलं, तसा मी आणखी हेल काढला. मान वर केली तेव्हा अक्कानं तोंडाला पदर लावला होता. तीही हसतेय असं मला वाटलं. मूर्ख माणूस मी, दुसरं काय!

जीपनं आम्ही पेडगावला परतलो. घरी पोचल्यावर अक्का म्हणाली, "तू जेवणार आहेस का?"

शाळा तपासायला आलेल्या साहेबाला उत्तर द्यावं, तसा एकेक शब्द जपून. जेवण झाल्यावर माफी मागायला गेलो तर "त्यात काय झालं? छान वाचलंस," एवढंच बोलून ती भांडी आवरायला उठली.

इकडे परतल्यावर रविवारी फोन आला. "तू काय करत आहेस?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. हातातली परीक्षानळी खाली ठेवून मी मुद्दामच म्हणालो, "काम करायलोय, अक्का. इरजण लावायलोय."

मग तिनं हळूच विचारलं, "तिथे कोणी ऐकत आहे का?"