काकूनं माईकला लावलेलं कुंकू

बोलणाऱ्यापुढं माईक ठेवायचा, एवढंच ते काम. पण मी ते इतकं सोपं कधी कुणाला वाटू दिलं नाही. छत्रपती संभाजीनगरात कॉलेजात शिकवतो, घरी रेकॉर्डिंगचा नाद. नातेवाइकांपुढं माईकविषयी असा बोलायचो, जणू काही त्याचा शोध मीच लावला.

करमाडच्या काकांच्या घशात कॅन्सर निघाला. पुढच्या आठवड्यात स्वरयंत्र काढणार होते. त्याआधी त्यांचा आवाज भरून ठेवावा, नातवंडांना ऐकवता येईल, असं काकूच्या मनात आलं. तिनं मला बोलावलं. मी नवाकोरा माईक, स्टँड, तारा, थुंकी अडवायची जाळी असं सगळं लटांबर घेऊन पोचलो.

मी तारा जोडेपर्यंत काकूनं माईकला हळदकुंकू लावलंसुद्धा. आमच्यात पाण्याची मोटार असो की मोबाईल, कुंकवाशिवाय नवी वस्तू कामाला लावत नाहीत.

"काकू, हा काय म्हसोबा आहे शेंदूर फासायला?"

"असू दे रं बाबा. ह्यांचं बोलणं नीट भरू दे त्यात."

मला फोटो काढून ग्रुपवर टाकायचे होते. त्यात तो लाल टिळा दिसला असता तर माझी केवढी इभ्रत गेली असती! म्हणून मी माईक फिरवला. टिळा स्वयंपाकघराकडं, पाठ काकांकडं. हा माईक एकाच बाजूनं ऐकतो, कंपनीचा शिक्का असतो त्या बाजूनं, हे मी पोरांना शिकवत आलोय. काकूनं कुंकू नेमकं त्या शिक्क्यावरच लावलं होतं. हेडफोन माझ्या गळ्यात होते. कानाला लावले नाहीत; फोटोत गळ्यातच बरे दिसतात.

काका मन लावून बोलले. लासूर स्टेशनच्या बाजाराला मेंढरं कशी न्यायचे ते सांगितलं. शेवटी कळपाला घालायची ती हाळीही घातली. घसा दुखत असताना.

मग सगळ्यांनी मिळून ऐकलं. कुकरच्या शिट्ट्या खणखणीत. काका मात्र विहिरीच्या तळातून बोलल्यासारखे. सगळे माझ्या तोंडाकडं बघायला लागले.

"कुंकू आत गेलं," मी म्हणालो. "वाट लागली माईकची. आता दुकानात न्यावा लागेल."

"काय गं आये," चुलतभाऊ ओरडला, "कशालाबी काय कुंकू लावत बसती!"

काकू पदरानं माईक पुसायला धावली.

तारा गुंडाळताना शिक्का कुठं आहे ते दिसलं आणि सगळं कळलं. काका समोरच चहा पीत होते, शेजाऱ्याशी बोलत होते. माईक परत फिरवायला कितीसा वेळ लागला असता? पण या विद्वानानं माईकच्या पेटीला कुलूप लावलं.

ऑपरेशन झालं. तेव्हापासून काकू कुठल्याच नव्या वस्तूला हात लावत नाही. यंदा दसऱ्याला चुलतभावाची नवी गाडी आली, तर म्हणाली, "सूनबाईला लावू दे कुंकू. माझा हात चांगला नाय."

तेव्हा मी सांगितलं, माईक उलटा मीच ठेवला होता. सगळ्यांसमोर, कारण तिच्या माथी मारलं होतं तेही सगळ्यांसमोरच.

काकूनं कुंकवाचं ताट खाली ठेवलं. "तवाच कळलं व्हतं तुला?"

"हो."

"ह्यांचा आवाज व्हता तवा?"

"हो."

"मंग फिरवायचा नाय का रं तो."

काका बाजेवर बसून ऐकत होते. त्यांना बोलता येत नव्हतं. माझ्याकडं इतके दिवस गप्प राहायला तेवढंही कारण नव्हतं.