फोर्कलिफ्टवाल्याची शिडाची बोट

वसईचा म्हटलं की माणूस होडीतच जन्मला असणार, असा खैरुद्दीनचा पक्का समज होता. शारजाच्या खाडीवर त्याचं बोटी दुरुस्त करायचं यार्ड. काम मागायला आलेल्या सिरिलने तो समज मोडला नाही. मोडून करणार काय? साल २००९. अबू धाबीजवळच्या मुसफ्फातल्या ज्या गोदामात तो चौदा वर्षं फोर्कलिफ्ट दुरुस्त करायचा, ते मंदीत बंद पडलं होतं. व्हिसा रद्द झाला होता. देश सोडायला तीस दिवस, त्यातले एकोणीस संपलेले. खरं तर सिरिलच्या घरच्या केळीच्या बागा. समुद्र लांबून पाहिला तरी त्याच्या पोटात ढवळायचं.

"इस का डिझेल इंजिन खलास," एका शिडाच्या बोटीकडे हात करत खैरुद्दीन म्हणाला. "मालिक को धुआँ नहीं चाहिए, बिजली पे चाहिए. चला के दिखा, व्हिसा पक्का. नहीं तो यल्ला, निकल वसई!"

गोदामाने सिरिलला निरोपादाखल एक मोडीत काढलेली फोर्कलिफ्ट दिली होती. बाकीच्यांना घड्याळं मिळाली. त्याने डिझेल इंजिन गिअरबॉक्ससकट उपसून काढलं, त्या फोर्कलिफ्टची मोटर थेट पाण्यातल्या पंख्याच्या दांड्याला जोडली, तळाशी फोर्कलिफ्टच्याच बॅटऱ्या मांडल्या आणि पुढे-मागे करायची मूठही तिचीच बसवली.

चाचणीच्या दिवशी त्याची बायको मिल्ड्रेड धक्क्यावर लिंबू घेऊन हजर.

"हुंगत राहा. त्याच्या बुटांवर ओकलास ना, तर मी बॅगा भरायलाच लागते."

"हळू बोल गं, तो ऐकेल!"

खैरुद्दीन ऐटीत बोटीत बसला. सिरिलने मूठ पुढे ढकलली. बोट गुपचूप मागे गेली आणि धक्क्याच्या टायरवर आपटली.

सिरिलच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. काढून टाकलेला गिअरबॉक्स फिरण्याची दिशा उलटी करायचा. त्याच्याशिवाय पंखा भलतीकडेच फिरत होता. मोटरच्या दोन तारा आपसांत बदलल्या की काम झालं असतं, पण मोटर फळीखाली आणि फळीवर खैरुद्दीन. सिरिलने मूठ मागे ओढली. बोट झोकात पुढे निघाली आणि बोंबलू लागली. पीं, पीं, पीं! फोर्कलिफ्ट मागे येताना वाजतो तो भोंगा काढायचाच राहिला होता.

"ये क्या है?"

सिरिलने लिंबू हुंगून घेतलं. "सेफ्टी, साहब. बिजली की बोट का आवाज नहीं होता. सामनेवाले को पता कैसे चलेगा?"

खैरुद्दीनने मान डोलावली. तेवढ्यात खाडीचं वळण आलं. फोर्कलिफ्ट मागच्या चाकांनी वळते, बोटही मागच्या सुकाणूने. सिरिलने ती अशी अलगद फिरवली, की खैरुद्दीनने त्याच्या पाठीवर थापच मारली. "देखा? वसई का खून!"

थापेने लिंबू पाण्यात पडलं. सिरिल दात आवळून धक्क्यापर्यंत पोचला आणि मगच ओकला, खाडीत.

व्हिसा लागला. त्याने लगेच तारा बदलल्या, भोंगा काढून टाकला. दुसऱ्या दिवशी खैरुद्दीन तणतणत आला.

"सेफ्टी किधर गयी? मालिक को मैंने वही बोल के खुश किया है!"

सिरिलने भोंगा परत बसवला, या वेळी पुढे जाण्याला जोडून. तेव्हापासून ती बोट पुढे जाताना बोंबलते आणि मागे येताना गप्प असते. संध्याकाळी खाडीवर भोंगा ऐकू आला की बोट परतली, आता सिरिल सुटणार, हे ओळखून मिल्ड्रेड भात टाकते.