तिसऱ्या मजल्यावरचा लसवाला

बंगळूरच्या बसवनगुडी भागातल्या आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणारा भाडेकरू जनावरांच्या लशी बनवणाऱ्या प्रयोगशाळेत काम करतो. मूळ बेळगावकडचा. जाताना निळा शर्ट, येताना पांढरा, केस ओले आणि जिना चढताना बेसूर शीळ. तिथून आंघोळ केल्याशिवाय बाहेर सोडत नाहीत, हे त्यानंच हसत सांगितलं होतं.

मग कुठल्याशा गावात अँथ्रॅक्सनं मेंढ्या मेल्याची बातमी आली आणि इमारतीच्या ग्रुपवर त्या आंघोळीवरूनच संशय सुरू झाला: हा अंगावरून जंतू घरी आणत असेल तर? "त्याला घर सोडायला सांगा," सेक्रेटरी म्हणाले. रविवारी बैठक ठरली. सगळ्यांचे प्रश्न मी कागदावर उतरवले, नऊ भरले, आणि कागद आधीच त्याला दिला.

"अक्का, अवघड प्रश्न राहिलाच की!" म्हणत त्यानं दहावा स्वतः लिहिला: प्रयोगशाळेत चूक झाली तर तिच्या शेजारच्या वस्तीला कोण कळवतं?

बैठकीत नऊ उत्तरं त्यानं धडाधड दिली. दहाव्याला म्हणाला, "हे मला माहीत नाही. विचारून सांगतो."

"तुलाच माहीत नाही?" सेक्रेटरींनी विचारलं.

"नाही ना सर, म्हणून तर लिहिलं."

लोक हसले, पण निर्णय लांबला.

मंगळवारी जिन्यातल्या फळ्यावर त्याच्या सहीचा कागद होता: "वस्तीला कळवायची पद्धत नाही. ती असावी, असा अर्ज आज साहेबांना दिला."

सेक्रेटरींनी तो दोनदा वाचला. "राहू दे त्याला," ते म्हणाले. "आणि त्या अर्जाला आपल्याही सह्या जोडा."

संध्याकाळपर्यंत मी अठरा सह्या जमवल्या. पहिली सेक्रेटरींची होती.