एकट्याचा डबा

जूनचा दुसरा रविवार, चर्चमधली सकाळची उपासना, मिस्सा, झाल्यावर. मी मागितलेली रक्कम अठरा हजार, लातूरच्या क्लासचा पहिला हप्ता. हजर: नांदेडच्या आमच्या चर्चच्या समितीचे चौघे, मी, आणि चहा घेऊन आलेली माझी मुलगी. ती नुकतीच दहावीला चांगल्या गुणांनी पास झाली होती. तिला डॉक्टर व्हायचं होतं.

बायको-मुलगी असलेला फादर समितीनं कधी पाहिला नव्हता. मी आधी दुसऱ्या पंथाचा पाळक. कॅथलिक झालो, संसारासकट फादर होण्याची रोमहून खास परवानगी आली, दीक्षा मिळाली. घर कसं चालवायचं, ते त्या परवानगीत नव्हतं.

आधीच्या फादरना रोज एकेका घरचा डबा येई, म्हणून मानधन बेताचं. आम्ही आलो आणि डबे थांबले. घरात बाई असताना डबा पाठवला तर तिला अपमान वाटेल, असा लोकांचा सरळ विचार. मानधन तेवढंच राहिलं. रांधणाऱ्या बाईला आधी पीठ लागतं, हे मी तीन वर्षांत बोललो नाही. फादरनं किराण्याचं कसं बोलायचं?

"फादर, हे सगळं एकट्याच्या हिशेबानं चालतंय," खजिनदार म्हणाले.

"एकटे कसले? आधीच्या फादरला कुत्रं होतं की," एक काका म्हणाले. "पण त्याचा लई खर्च न्हाई. डब्यातलंच खायचं."

सगळे हसले. मुलीच्या हातात कपांचा ट्रे होता. तिच्यासमोर मीही हसलो.

मग त्यांनी चांगल्या मनानं ठरवलं, पुढच्या रविवारी फादरच्या लेकीसाठी दानाची वेगळी थाळी फिरवायची.

"पप्पा, थाळी नको," मुलगी म्हणाली. "मी बाकावर बसायचं आणि माझ्याच पुढून ती जायची? त्यापेक्षा न्हाई शिकत मी."

वाट काढली ती बायकोनं. भूकंपाच्या छावणीत तिनं दोनशे माणसांचा स्वयंपाक सांभाळला होता. लातूरला मुलींच्या एका वसतिगृहात मेससाठी बाई हवी होती. राहायला खोली, मुलीचं जेवण फुकट, पगारातून कापून घेण्याच्या बोलीवर उचल.

"तुम्ही मागू नका," ती म्हणाली. "मी रांधून फेडते."

समितीला सांगितलं तेव्हा चौघांचे चेहरे मोकळे झाले. "मग डबा सुरू करतो, फादर. एकट्याचाच ना?"

हो म्हणालो. हिशेब जुळला म्हणून क्षणभर मलाही बरं वाटलं, याची लाज अजून गेलेली नाही. संसारी माणसाला फादर होता येतं का, असं लोक विचारतात. येतं, म्हणतो, आणि विषय बदलतो.

अठरा हजार बायकोच्या उचलीतून क्लासला गेले. समितीला काही द्यावं लागलं नाही. मी मायलेकींना लातूरच्या एसटीत बसवायला गेलो. कंडक्टरनं विचारलं, "तिघं का?"

"दोघीच," म्हणालो, आणि दोन तिकिटांचे पैसे त्याच्या हातावर ठेवले.