फुकटचं तारण आणि रोशनीचं पाठांतर

आमच्या स्वयंपाकघराची खिडकी उघडते थेट चर्चच्या व्हरांड्यावर. आता मी काय कान झाकून भाकरी थापायची? एका हिवाळ्यात एवढे किस्से जमले, की पोटात मावेनात!

चिंचपाड्याकडच्या आमच्या गावात लूथरन ख्रिस्ती मंडळी बरीच, आम्ही त्यातले नव्हे. पोरं चौदा-पंधराची झाली की चर्चचे पाळकसाहेब त्यांचा दृढीकरणाचा वर्ग घेतात. धर्माची प्रश्नोत्तरं पाठ करायची, सगळ्यांसमोर म्हणायची, मगच गुडघे टेकून आशीर्वाद आणि प्रभुभोजनाची पवित्र भाकर. शेजारची रोशनी गेल्या वर्षी अडखळली आणि राहिली. घरी इकडची आदिवासी कोकणी बोलणारी पोर, पुस्तकातलं मराठी जिभेवर टिकेचना. यंदा आई खास गुजरातची मजुरी सोडून येणार होती!

*

एकदा साहेबांनी शिकवलं, "तारण, म्हणजे पापातून सुटका, चांगल्या कामांनी कमावता येत नाही. देव ते फुकट देतो."

वर्ग सुटला. रोज झाडून जाणारी पोरं तशीच निघाली, झाडू कोपऱ्यातच!

"अरे, झाडलोट?"

"साहेब, तुम्हीच तर म्हणाले, कामाने काही मिळत नाही!"

साहेब स्वतःच वाकले. रोशनीने झाडू हिसकावला. "द्या इकडे. मिळायला कुठे झाडायचंय? घाण झालीय म्हणून झाडते."



*

मग ज्याच्या नावाने हे लूथरन, त्या लूथरची गोष्ट झाली. त्याने आपलं म्हणणं म्हणे चर्चच्या दारावर ठोकलं. दुसऱ्या सकाळी साहेबांच्याच दारावर कागद, चार खिळ्यांनी!

"परवाच रंग दिलाय हो!" पाळकीणबाई ओरडल्या. मी पिठाच्या हातांनी धावले.

'एक: क्रिकेटच्या वेळी वर्ग नको. दोन: उपदेश अर्धा तास पुरे. तीन: तुम्ही उत्तरं विचारता, आमचे प्रश्न कधी विचारणार?'

दोनपर्यंत साहेब हसत होते. तिसऱ्याला चष्मा काढून पुसू लागले. त्या दिवसापासून अर्धा वर्ग पोरांच्या प्रश्नांचा!

*

पहिलाच प्रश्न: "उपदेशात झोप लागली, तर पाप ऐकणाऱ्याचं की सांगणाऱ्याचं?"

मी खिडकीतून आमच्या बोलीत ओरडले, "सांगणारानं शे!" म्हणजे सांगणाऱ्याचंच!

"मावशी," साहेब म्हणाले, "तुम्ही आत येऊनच बसा."

*

म्हणून दृढीकरणाच्या रविवारी मी मागच्या बाकावर होते. पुढे रोशनीची आई, पदर मुठीत. पांढऱ्या साडीत रोशनी उभी राहिली. उत्तर अर्ध्यावर आलं आणि अडकलं. साहेबांचं बोट पुस्तकावर तसंच. 

"साहेब, एक विचारू?"

"विचार."

"तारण फुकट आहे, मग हे पाठांतर कशासाठी?"

साहेबांनी पुस्तक मिटलं. "ये पोरी. गुडघे टेक."

चर्चमध्ये टाळ्या वाजवत नाहीत, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं!